केंटकीचा जॉकी, मॉस्कोचा उस्ताद

पुण्यात पाऊस स्थिरावला की रेसकोर्सवरचा हंगाम सुरू होतो. रेसचे पुस्तक हाती घेऊन कठड्याशी उभ्या राहणाऱ्या शौकिनाला घोड्याचे नाव, त्याचे आईबाप, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचे वजन अशी सारी माहिती छापील मिळते. भल्या पहाटे त्या घोड्याला खरारा करणाऱ्या, त्याची चंदी भिजवणाऱ्या मोतद्दाराचे नाव मात्र त्यात शोधूनही सापडत नाही. घोड्याला सर्वांत जवळून ओळखणारा माणूस कागदावर कुठेच नसतो, ही रेसच्या जगाची जुनी रीत आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात मात्र एक काळ असा होता की, मोतद्दार आणि जॉकी हे एकाच झोपडीत वाढलेले, पुष्कळदा एकच माणूस असत. आणि तो माणूस बहुधा कृष्णवर्णीय असे. जिमी विंकफील्ड हा त्या परंपरेतला शेवटचा मोठा जॉकी. त्याच्यानंतर ती परंपरा संपली असे म्हणण्यापेक्षा ती संपवली गेली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

गुलामगिरीच्या काळात दक्षिणेकडील जमीनदारांचे घोडे सांभाळणे, त्यांना शर्यतीसाठी तयार करणे आणि शर्यतीत पळवणे ही सगळी कामे गुलामांचीच होती. गुलामगिरी गेली, तरी विद्या त्यांच्याच हाती राहिली. १८७५ मध्ये लुईव्हिल शहरात पहिली केंटकी डर्बी झाली, तेव्हा मैदानात उतरलेल्या १५ जॉकींपैकी १३ कृष्णवर्णीय होते. जिंकलेल्या ॲरिस्टायडिस या घोड्यावर ऑलिव्हर लुईस हा कृष्णवर्णीय स्वार होता आणि त्या घोड्याचा ट्रेनर ॲन्सल विल्यमसन हा पूर्वाश्रमीचा गुलाम होता. पुढे आयझॅक मर्फी याने १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा डर्बी जिंकली. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ शर्यती कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या आहेत. हा आकडा वाचताना थोडे थांबावेसे वाटते, कारण त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत हा हिशेब एकानेही वाढलेला नाही.

विंकफील्डचा जन्म १८८२ च्या एप्रिल महिन्यातला, लेक्सिंग्टनजवळच्या चाइल्सबर्ग नावाच्या खेड्यातला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करत. सतरा भावंडांत हा सर्वांत धाकटा. लेक्सिंग्टनचा सारा परिसर घोड्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध. कुंपणापलीकडे उमदी शिंगरे बागडत असत, तर अलीकडे ही पोरे शेतातल्या घोड्यांवर खोगीर न घालताच शर्यती लावत. घोड्याच्या पाठीवर तोल कसा सांभाळायचा, हे त्याला कोणी शिकवले नाही. बालपण सरता सरता तो सिनसिनाटी परिसरात आला, त्याने बूटपॉलिश केले आणि मग जवळच्या लॅटोनिया रेसकोर्सवर तबेल्यात नोकरी धरली. घोडे फिरवणे, धुणे, सकाळी दौडीवर नेणे अशी ती कामे होती आणि पगार महिन्याला जेमतेम आठ-दहा डॉलर.

१० ऑगस्ट १८९८ रोजी शिकागोच्या हॉथॉर्न मैदानावर त्याला पहिली शर्यत मिळाली. वय सोळा. दरवाजातून सुटताच पोराने आतल्या कडेची जागा पकडण्यासाठी इतर घोड्यांच्या तोंडावरून आपला घोडा आडवा घातला. चार घोडे एकमेकांवर आदळले. पंचांनी या उतावीळ पोराला वर्षभरासाठी बाहेर बसवले. एखाद्याचे दुकान एवढ्यावरच बंद झाले असते. विंकफील्डने ते वर्ष तबेल्यात काढले आणि परत आला तो डोके शांत ठेवून शर्यत वाचणारा जॉकी होऊन. पुढील आयुष्यात त्याची ख्याती झाली ती चाबकाच्या जोरावर नव्हे, तर हलक्या हातासाठी. घोडा ओढावा लागू नये, त्याने आपणहून पुढे जावे, ही त्याची पद्धत होती.

१९०० मध्ये तो पहिल्यांदा केंटकी डर्बीत उतरला आणि तिसरा आला. १९०१ मध्ये हिज एमिनन्स या घोड्यावर त्याने डर्बी जिंकली. त्या एका वर्षात त्याने १६१ शर्यती जिंकल्या. पण ज्या शर्यतीसाठी जाणकार आजही त्याचे नाव काढतात ती १९०२ ची.

त्या डर्बीचा किस्सा थोडा सविस्तर सांगायला हवा. थॉमस मॅकडोवेल यांच्या तबेल्यातून ॲलन-अ-डेल आणि द रायव्हल असे दोन घोडे धावणार होते. विंकफील्डखेरीज नॅश टर्नर हा नामांकित गोरा जॉकी मालकांनी ठरवला होता आणि दोहोंपैकी आवडेल तो घोडा निवडण्याचा पहिला मान त्याचा होता. सकाळच्या दौडी मात्र विंकफील्डकडे होत्या. ॲलन-अ-डेल हा दोघांत सरस, पण पायाने नाजूक, हे त्याला रोजच्या सहवासातून ठाऊक झाले होते. त्याने दौडींमध्ये ॲलन-अ-डेलचा लगाम आखडता ठेवला. वेळ मोजणाऱ्यांना घोडा सुमार वाटला, टर्नरने द रायव्हल निवडला आणि ॲलन-अ-डेल विंकफील्डच्या वाट्याला आला. याला लबाडी म्हणायचे तर म्हणता येईल. पण निवडीचा मान ज्याला कधीच मिळणार नव्हता, त्याच्यापाशी घोड्याविषयीचे ज्ञान एवढेच भांडवल होते आणि ते त्याने वापरले.

३ मे १९०२ रोजी मैदानात चारच घोडे होते. अंतर सव्वा मैल, म्हणजे सुमारे दोन हजार मीटर. आपल्या पुणे डर्बीचेही अंतर तेवढेच. लोकांचा पैसा ॲब फ्रँक या घोड्यावर लागला होता. विंकफील्डने सुरुवातीलाच आघाडी घेतली. त्या वर्षी धावपट्टीच्या बाहेरच्या अंगाला वाळू खोल होती, तर आतल्या कठड्यालगतची जमीन घट्ट होती. मागून कोणी पुढे येऊ लागले की विंकफील्ड आपला घोडा किंचित बाहेर घेई. मागच्याला आणखी बाहेर, खोल वाळूत जाणे भाग पडे आणि तिथे त्याचा दम तुटे. अखेरच्या टप्प्यात ॲलन-अ-डेलचा पाय दुखावला. लंगडणाऱ्या घोड्याला सावरत, त्याला न मारता त्याने अंतिम रेषा गाठली. इन्व्हेंटर या घोड्यावर त्याने मिळवलेला विजय केवळ नाकाच्या अंतराचा होता. लागोपाठ दोन डर्बी जिंकणारा, तोवर एकट्या मर्फीने साधलेला पराक्रम, वीस वर्षांच्या या तरुणाने पुन्हा करून दाखवला.

तिसरीही त्याच्या हातात होती. १९०३ मध्ये अर्ली या घोड्यावर तो सर्वांच्या पसंतीचा होता. घोड्याच्या नावाप्रमाणेच त्याने घाई केली. अंतिम वळणाआधीच आघाडी घेतली आणि शेवटच्या काही हातांवर जज हाइम्सने त्याला मागे टाकले. ही चूक त्याने म्हातारपणीही विसरू दिली नाही, स्वतःला तर नाहीच नाही.

त्याच वर्षी त्याची अमेरिकेतील कारकीर्द आटोपली. जॉन मॅडन हे त्या काळातले वजनदार घोडेमालक. न्यूयॉर्कच्या फ्युच्युरिटी शर्यतीत त्यांचा घोडा पळवण्याचा शब्द विंकफील्डने दिला आणि ऐनवेळी जास्त पैशांच्या आशेने दुसऱ्या मालकाचा घोडा घेतला. मॅडन संतापले आणि आता याला कोणीही घोडा देणार नाही, अशी व्यवस्था करण्याइतका त्यांचा दबदबा होता. शब्द फिरवणे ही विंकफील्डचीच चूक, त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. मात्र एखाद्या गोऱ्या जॉकीच्या बाबतीत हे प्रकरण हंगामभराच्या रागावर मिटले असते, असे मानायला जागा आहे. कारण या सुमाराला सगळे वारेच फिरले होते.

रेसमध्ये पैसा आला होता. मोठ्या जॉकीची कमाई प्रतिष्ठित वकील-डॉक्टरांच्या तोडीची झाली होती आणि ती कृष्णवर्णीयांच्या खिशात जाते, हे अनेकांना खुपू लागले होते. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात वर्णानुसार वेगवेगळ्या व्यवस्था ठेवणे कायदेशीर ठरवले. रेसकोर्सवर कोणी फलक लावला नाही, त्याची गरजही पडली नाही. गोरे जॉकी संगनमत करून कृष्णवर्णीय जॉकीचा घोडा कोंडीत पकडत, त्याला कठड्यावर रेटत, भर शर्यतीत त्याच्यावर चाबूक उगारत. त्यात घोडाही जायबंदी होई. मालकाला घोडा प्यारा. मग त्याने कृष्णवर्णीय जॉकी घेणेच सोडून दिले. कोणताही नियम न करता एक अख्खी जमात दहा-पंधरा वर्षांत मैदानाबाहेर गेली. त्यातले काही परत मोतद्दार झाले. पुस्तकात नाव नसलेले.

विंकफील्डने दुसरी वाट धरली. युरोपात अमेरिकी ट्रेनर आणि जॉकींना मागणी होती. जॅक कीन या केंटकीच्याच ट्रेनरमार्फत १९०४ मध्ये तो रशियात पोहोचला. त्याला झारच्या साम्राज्याविषयी किती कल्पना होती, देव जाणे. भाषा येत नव्हती, थंडी जीवघेणी होती. पण तिथल्या मालकांना एकच प्रश्न पडत असे, घोडा जिंकणार की नाही? पहिल्याच वर्षी तो रशियाचा अव्वल जॉकी ठरला. मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, त्या काळी रशियाच्या अमलाखाली असलेले वॉर्सा अशा सगळ्या मैदानांवर त्याचे नाव झाले. अखिल रशियन डर्बी त्याने एकाहून अधिक वेळा जिंकली. मधली काही वर्षे जर्मनी आणि ऑस्ट्रियात काढून तो पुन्हा मॉस्कोला परतला, तो लिओन मंताशेव या अर्मेनियन तेलसम्राटाच्या तबेल्याचा मुख्य जॉकी म्हणून. पगार हजारो रूबल, वर बक्षिसात हिस्सा. राहायला क्रेमलिनसमोरच्या नॅशनल हॉटेलमध्ये खोल्या, दिमतीला नोकर. रशियन शौकिनांनी त्याला उस्ताद ही पदवी बहाल केली होती. लुईव्हिलमध्ये ज्या हॉटेलच्या पुढल्या दाराने त्याला आत जाता आले नसते, त्याहून भपकेबाज हॉटेल मॉस्कोत त्याचे घर होते. तिथेच अलेक्झांड्रा या रशियन तरुणीशी त्याने विवाह केला आणि त्यांना मुलगाही झाला.

१९१७ च्या क्रांतीने हे वैभव धुऊन नेले. झार गेला, सरदार गेले, तेलसम्राट परागंदा झाले. घोड्यांच्या शर्यती म्हणजे श्रीमंतांचा शौक, त्याला नव्या राज्यात जागा नव्हती. उरलेसुरले मालक, ट्रेनर आणि जॉकी आपापले घोडे घेऊन दक्षिणेला काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरात जमले आणि यादवी युद्धाच्या धामधुमीतही तिथे काही काळ शर्यती चालल्या. १९१९ च्या एप्रिलमध्ये लाल सेना ओडेसाच्या वेशीवर आली. घोडे हाती लागले असते तर सैन्यात ओढले गेले असते किंवा कापून खाल्ले गेले असते.

मग एक विलक्षण प्रवास सुरू झाला. विंकफील्ड आणि एक पोलिश उमराव यांच्या पुढाकाराने जॉकी, ट्रेनर, मोतद्दार आणि त्यांची बायकापोरे असा तांडा दोनशेहून अधिक जातिवंत घोडे घेऊन निघाला. रुमानियातून, डोंगररांगा ओलांडून वॉर्सापर्यंतचे अंतर सुमारे अकराशे मैल, म्हणजे पावणेअठराशे किलोमीटर भरते. पुण्याहून दिल्ली याहून जवळ आहे. ज्या घोड्यांना मखमली झुली घालून मैदानात आणले जाई, ते रानावनातून, मिळेल ते गवत खात चालले होते. वाटेत सीमेवरचे शिपाई होते, लुटारू होते. अन्न संपले तेव्हा माणसांनी घोड्याचे मांस खाल्ले. ज्याने लंगडणाऱ्या ॲलन-अ-डेलला न मारता रेषेपलीकडे नेले होते, त्याच्यावर ही वेळ आली. जूनअखेर तांडा वॉर्साला पोहोचला तेव्हा बहुतेक घोडे जिवंत होते. विंकफील्डच्या नावावर अडीच हजारांहून अधिक विजय नोंदले आहेत. हा प्रवास त्यांत धरला जात नाही.

तिथून तो फ्रान्सला गेला. वय चाळिशीकडे झुकलेले, जवळ पैसा नाही. मंताशेवही पॅरिसला आला होता आणि त्याच्यापाशी अजून काही घोडे होते. विंकफील्ड पुन्हा खोगिरावर चढला. प्री द्यू प्रेसिदां द ला रेपुब्लिक, ग्राँ प्री द दोव्हिल, प्री यूजीन ॲडम अशा मानाच्या शर्यती त्याने फ्रान्समध्ये जिंकल्या. लिडिया या रशियन सरदार घराण्यातील स्त्रीशी त्याचा संसार मांडला गेला; त्यांना रॉबर्ट आणि लिलियान अशी दोन मुले झाली. १९३० च्या सुमारास त्याने स्वारी थांबवली आणि पॅरिसजवळच्या मेझों-लाफित या घोड्यांच्या गावात स्वतःचा तबेला थाटून ट्रेनर म्हणून नाव कमावले.

नशिबाने त्याला तिसऱ्यांदा हुसकावले. १९४० मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये शिरले आणि त्याच्या तबेल्याचाही ताबा घेतला. १९४१ मध्ये तो अमेरिकेला परतला. साठीच्या उंबरठ्यावरचा, दोन डर्बी जिंकलेला हा जॉकी न्यूयॉर्कमध्ये रस्तेबांधणीच्या कामावर दगड फोडण्याचे यंत्र चालवत होता. पुढे दक्षिण कॅरोलिनात एका घोडेमालकाच्या तबेल्यात त्याला काम मिळाले. म्हणजे पुन्हा घोडे फिरवणे, धुणे, दौडीवर नेणे. पन्नास वर्षांपूर्वी लॅटोनियात जे काम होते, तेच. पैसे जमवून तो १९५३ मध्ये फ्रान्सला परतला आणि मेझों-लाफितचा तबेला त्याने पुन्हा उभा केला.

१९६१ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तो अमेरिकेत आला होता. डर्बीच्या आदल्या दिवसांत लुईव्हिलच्या ब्राउन हॉटेलात रेसवार्ताहरांच्या संघटनेची मेजवानी होती आणि दोनदा डर्बी जिंकलेला हयात जॉकी म्हणून त्याला निमंत्रण होते. मुलगी लिलियानसह तो हॉटेलच्या दाराशी आला. द्वारपालाने पुढल्या दाराने कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही, असे सांगून त्याला थांबवले. बऱ्याच वेळाने, आपण पाहुणे आहोत हे पटवून दिल्यावर बापलेकींना आत सोडण्यात आले. आत तरी काय, टेबलाभोवती फारसे कोणी त्यांच्याशी बोलले नाही. १९१३ ची डर्बी जिंकलेला रॉस्को गूज हा गोरा जॉकी तेवढा येऊन बसला. दोन म्हातारे शर्यतींच्या गोष्टी बोलत राहिले. मॉस्कोच्या नॅशनल हॉटेलात राहिलेल्या माणसाला त्याच्याच जन्मराज्यात, त्याच्याच खेळाच्या मेजवानीत मिळालेली ही वागणूक होती. त्या शनिवारी त्याने मैदानात बसून डर्बी पाहिली. धावपट्टीवर एकही कृष्णवर्णीय जॉकी नव्हता. १९२१ नंतर थेट २००० सालापर्यंत तो नव्हताच.

पण त्या खेळात पुढे एक नवे नाव आले, तेव्हा विंकफील्ड हयात होता. स्त्रियांना जॉकीचा परवाना मिळावा म्हणून १९६८ मध्ये अमेरिकेत न्यायालयात जावे लागले होते. त्याच वर्षी विंकफील्डने डर्बी जिंकलेल्या चर्चिल डाउन्स मैदानावर पेनी ॲन अर्ली या तरुणीला शर्यत मिळाली, तर पुरुष जॉकींनी तिच्याबरोबर धावण्यासच नकार दिला. एकेकाळी कृष्णवर्णीयांविरुद्ध जे छुपेपणाने झाले, ते आता उघड झाले. फेब्रुवारी १९६९ मध्ये डायान क्रम्प ही अधिकृत शर्यतीत धावणारी पहिली स्त्री ठरली. आणि १५ जून १९७१ रोजी ओहायोतील थिसलडाउन मैदानावर शेरिल व्हाइट ही सतरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी एस रिवॉर्ड या घोड्यावर बसून सुरुवातीच्या दरवाजात उभी राहिली. वडील रेमंड व्हाइट हे जुने जॉकी आणि ट्रेनर; पोरगी तबेल्यातच वाढलेली. सुरुवातीला तिने आघाडी घेतली आणि शेवटी घोडा सर्वांत मागे पडला. पण २ सप्टेंबरला वेस्ट व्हर्जिनियात जेटोलारा या घोड्यावर तिने पहिला विजय मिळवला. पुढल्या वीसेक वर्षांत तिने शेकडो शर्यती जिंकल्या. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे तिने एकाच दिवशी पाच विजय मिळवले. पुढे ती रेसची अधिकारी झाली आणि २०१९ मध्ये वारली. मोठ्या मैदानांवरचे मोठे घोडे मात्र तिलाही क्वचितच मिळाले. तिच्या बातम्या छापणाऱ्यांना तिच्या आधीच्या कृष्णवर्णीय जॉकींची नावे बहुधा ठाऊकही नसावीत.

विंकफील्ड २३ मार्च १९७४ रोजी मेझों-लाफित येथे वारला. अखेरपर्यंत त्याचा दिवस पहाटे तबेल्यात सुरू होई. मुलगा रॉबर्टही त्याच धंद्यात उतरला होता. अमेरिकेच्या रेस संग्रहालयातील सन्मानितांच्या यादीत आयझॅक मर्फीचे नाव १९५५ मध्येच आले होते, विंकफील्डचे आले ते २००४ मध्ये, तो गेल्यावर तीस वर्षांनी. केंटकी डर्बीच्या विजेत्यांच्या यादीत १९०१ आणि १९०२ या दोन ओळींत त्याचे नाव पहिल्यापासून आहेच.